अपिलात नवा पुरावा: इजेच्या भरपाईच्या दाव्यांत या चुका टाळा

शारीरिक इजेच्या भरपाईचा दावा निकाली निघतो, रक्कम अपेक्षेपेक्षा बरीच कमी मिळते आणि अपिलाच्या तयारीसाठी आलेला पक्षकार वकिलापुढे तीन कागद ठेवतो: निकालानंतर काढलेला एमआरआय, दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत आणि जुन्या मालकाने आता दिलेले पगाराचे पत्र. हे तिन्ही कागद एकाच अर्जाला जोडले जातात, एकाच परिच्छेदात त्यांचे समर्थन केले जाते आणि अर्ज नामंजूर होण्याची पायाभरणी तिथेच होते. या तीन कागदांना लागू होणाऱ्या कसोट्या एक नाहीत, ही गोष्ट अर्ज लिहिण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी लागते.

मूळ नियम नकाराचा आहे. इंग्लंडमधील दिवाणी कार्यपद्धती नियम 52.21 नुसार, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर खालच्या न्यायालयापुढे नसलेला पुरावा अपिलात स्वीकारला जात नाही. भारतातील दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 41 नियम 27 सुद्धा, अपिलातील पक्षकारांना अतिरिक्त पुरावा देण्याचा हक्क नाही, असे सांगूनच सुरू होतो आणि अपवाद त्यानंतर येतात. त्यामुळे "हा पुरावा महत्त्वाचा आहे" एवढ्यावर भागत नाही; तो आताच का आला, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे कागदाची तारीख आणि वस्तुस्थितीची तारीख यांची गल्लत. पगाराचे पत्र काल लिहिलेले असले, तरी पगार अपघातापूर्वीचा आहे. म्हणजे पुरावा जुनाच आहे, फक्त तो मागवला आता गेला. एमआरआयचेही तसेच. त्यात दिसणारी इजा सुनावणीच्या वेळीही होती आणि तेव्हा तपासणी करून घेता आली असती, तर नवीन फिल्ममुळे पुरावा नवा ठरत नाही.

अशा पुराव्यासाठी इंग्लंडमधील अपील न्यायालयाने लॅड विरुद्ध मार्शल (1954) या निकालात घालून दिलेली त्रिसूत्री आजही आधाराला घेतली जाते. वाजवी तत्परता दाखवूनही तो पुरावा सुनावणीच्या वेळी मिळवता आला नसता. निर्णायक नसला तरी निकालावर त्याचा महत्त्वाचा परिणाम होण्याची शक्यता आहे. आणि तो निर्विवाद नसला तरी सकृतदर्शनी विश्वासार्ह आहे. तो दावा इजेचा नव्हता, बंगल्याच्या विक्रीतील पैशांचा होता. काहीच आठवत नाही असे सुनावणीत सांगणारी साक्षीदार नंतर वेगळी साक्ष द्यायला तयार झाली, तरी न्यायालयाने ती घेतली नाही. भारतात याच तत्परतेची अट 1976 च्या दुरुस्तीने नियम 27 मध्ये खंड (कक) म्हणून आली. हा पुरावा आवश्यक असल्याचे वकिलाने आपल्याला सांगितले नव्हते, हे स्पष्टीकरण तत्परतेचा पुरावा म्हणून सहसा चालत नाही, हेही पक्षकाराला स्पष्टपणे सांगावे.

दुसऱ्या तज्ज्ञाच्या मताविषयी थोडक्यात सांगायचे, तर पहिल्या डॉक्टरची साक्ष फिकी पडली म्हणून अधिक ठामपणे बोलणारा डॉक्टर आणणे म्हणजे त्याच प्रश्नावर पुन्हा नशीब अजमावणे होय, आणि न्यायाधीशांना ते लगेच कळते.

खरी गुंतागुंत निकालानंतर घडलेल्या घटनांची आहे. भविष्यातील वैद्यकीय खर्च आणि बुडणारी कमाई हे अंदाज असतात, आणि हिशेब करता येत असताना अंदाज का बांधावा, असा इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांचा 1903 मधील प्रश्न वकील मंडळी उत्साहाने उद्धृत करतात. मात्र मलहॉलंड विरुद्ध मिचेल (1971) या इजेच्याच प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, त्याची मर्यादा दाखवली. त्यातील जखमी माणसाची घरी किंवा साध्या शुश्रूषागृहात काळजी घेता येईल, असे सुनावणीत गृहीत धरले गेले होते. पुढे प्रकृती इतकी बिघडली की तो आधार उरला नाही, आणि नवा पुरावा घेणे योग्य ठरवले गेले. न्यायाधीशाने ज्या अनिश्चिततेचा अंदाज बांधला, तिच्याच आवाक्यातील चढउतार पुरेसे नसतात. दोन्ही बाजूंनी धरलेले मूलभूत गृहीतक नंतरच्या घटनेने खोटे ठरले, तर मात्र पुरावा घेता येतो. मर्फी विरुद्ध स्टोन-वॉलवर्क (1969) मध्ये पाठीला इजा झालेल्या कामगाराला मालक कामावर ठेवील, या समजुतीवर भरपाई ठरली होती आणि त्यानंतर त्याच मालकाने त्याला काढून टाकले.

म्हणून निकालपत्र हातात घेऊन ते गृहीतक नेमके कोणत्या परिच्छेदात आहे, ते शोधावे. "अपीलकर्त्याची प्रकृती दिवसेंदिवस खालावत असून त्यास अपार वेदना होत आहेत" हे प्रतिज्ञापत्रातील वाक्य सहानुभूती मिळवते, पण अर्ज पुढे नेत नाही. त्याऐवजी "निकालपत्राच्या परिच्छेद 34 मध्ये अपीलकर्ता बैठे काम करू शकेल असे उभयपक्षी गृहीत धरले होते, निकालानंतर चार महिन्यांनी त्याचा डावा पाय गुडघ्यावरून कापावा लागला व मालकाने त्यास सेवामुक्त केले" असे लिहिले, तर काय खोटे ठरले आणि कधी, हे एका नजरेत दिसते. ही तलवार दुधारी आहे, हेही विसरू नये: कर्वेन विरुद्ध जेम्स (1963) मध्ये विधवेने निकालानंतर पुनर्विवाह केल्याचा पुरावा प्रतिवादीच्या बाजूने स्वीकारला गेला. त्या मुद्द्यावरील इंग्लंडमधील कायदा नंतर बदलला, पण तत्त्व प्रतिवादीलाही उपलब्ध आहे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे कागद शाबीत झाला, असे समजणारेही कमी नाहीत. भारतात आदेश 41 मधील नियम 28 नुसार अपील न्यायालय पुरावा स्वतः नोंदवू शकते किंवा खालच्या न्यायालयाला तो नोंदवून पाठवायला सांगू शकते; दोन्ही वेळा डॉक्टर साक्षीला लागतो, त्याची उलटतपासणी होते आणि समोरच्या पक्षाला खंडनाची संधी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने भारत सरकार विरुद्ध इब्राहिम उद्दीन (2012) मध्ये असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीसोबत ऐकावा असे म्हटले आहे, त्यामुळे अर्ज लगेच निकाली निघेल या भरवशावर डॉक्टरची तारीख ठरवू नये. त्याच वेळी, घटना कळल्यावर महिनोन्‌महिने थांबून युक्तिवादाच्या आदल्या दिवशी अर्ज दाखल करणेही अंगाशी येते.

काही अर्ज तर मूळ सुनावणीतील चुकीवर अपिलात पांघरूण घालण्यासाठीच असतात. डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीला पुढे अपस्माराचा धोका आहे, असे डॉक्टरने आपल्या अहवालात लिहिले असेल आणि एकरकमी भरपाई घेऊन निकाल झाल्यावर झटका आला, तर प्रतिवादी तोच अहवाल दाखवून म्हणेल की हा धोका आधीच जमेस धरला होता. इंग्लंडमध्ये यासाठी 1981 च्या वरिष्ठ न्यायालये अधिनियमाच्या कलम 32क मध्ये तात्पुरत्या भरपाईची सोय आहे: तो धोका प्रत्यक्षात आला, तर पुन्हा न्यायालयात येण्याची मुभा मूळ आदेशातच राखून ठेवता येते, पण ती मागणी मूळ दाव्यातच करावी लागते.