मागचा शॉक: नवा घ्यायचा की आहे तोच उघडायचा?

रेसिंगच्या पहिल्या हंगामात माझी मोटरसायकल पाच-सहा लॅप चांगली चालायची. मग वळणातून निघताना थ्रॉटल उघडला की मागची बाजू खालीवर झुलायची आणि गाडी बाहेरच्या कडेकडे ओढ घ्यायची. मागचा शॉक ॲब्सॉर्बर बाद झाला असं मी ठरवून टाकलं आणि जवळचे सगळे पैसे घालून नवा आणला. झुलणं थांबलं. बाहेर ओढणं मात्र तसंच.

मग एका अनुभवी मेकॅनिकने सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते, मोजायला लावला. तीन मापं घ्यायची, प्रत्येक वेळी मागच्या ॲक्सलपासून शेपटावरच्या एकाच खुणेपर्यंत: चाक अधांतरी असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि हेल्मेट-सूटसकट पूर्ण रायडिंग गिअर घालून आपण बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक साधारण 30 ते 35 मिलिमीटर हवा, पहिल्या-दुसऱ्यातला 5 ते 10. माझा 35 यावा म्हणून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, इतका आवळावा लागला की गाडीचा स्वतःचा सॅग शून्य झाला. स्प्रिंग माझ्या वजनाला मऊ होती, जुन्या शॉकची आणि नव्याचीही! थ्रॉटलवर मागचा भाग बसायचा, पुढचा हलका व्हायचा आणि गाडी रेषा सोडायची.

जुना शॉक उघडला तेव्हा तेल राखाडी झालेलं होतं आणि तेलावर दाब ठेवणारा नायट्रोजन जवळजवळ उरलाच नव्हता. तो दाब गेला की पिस्टनमागे तेलात बुडबुडे होतात आणि डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरण्याची ताकद, हरवतं. झुलण्याचं कारण तेच. नवं तेल, सील, पिस्टनची रिंग, नायट्रोजन आणि योग्य स्प्रिंग एवढ्यावर तो शॉक शेवटच्या लॅपपर्यंत टिकू लागला. रेसिंगमध्ये 20 ते 30 तासांनी हे काम करायचंच असतं. आत दाब असतो, त्यामुळे घरी उघडू नका. शॉक बाहेर आलाच आहे तर लिंकेजची (शॉकला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंगही बघा, त्यांचा खेळ शॉकच्या माथी मारला जातो.

नवा कधी घ्यावा? बॉडी बंद असेल, सर्व्हिसची सोयच नसेल तेव्हा. ताज्या सर्व्हिसनंतरही काही लॅपमध्ये तो तापून ढिला पडत असेल तेव्हा. लांबी बदलायची गरज असेल आणि त्यात ती सोय नसेल तेव्हा. त्याआधी आपल्या क्लासचे नियम वाचा. काही ठिकाणी मूळ शॉकच लागतो, फक्त आतले भाग बदलता येतात.

दोन हंगामांनी माझा रिबाउंड ॲडजस्टर (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणारा स्क्रू) पूर्ण बंद करूनही मागची बाजू झटक्यात वर येऊ लागली. सर्व्हिस ताजी होती, तेव्हा व्हॉल्व्हिंगची, म्हणजे तेलाचा प्रवाह अडवणाऱ्या आतल्या रचनेची, मर्यादा संपल्याचं कळलं आणि मी पुन्हा नव्या शॉककडे वळलो. या वेळी ऑर्डर देताना गिअरसकट वजन कळवलं, आणि बसवण्याआधी जुन्याची दोन्ही बोल्टांच्या मध्यांमधली लांबी मोजून वहीत लिहून ठेवली.