नव्या बंगल्यात गरम पाणी: गॅस गिझर की हीट पंप?

गरम पाण्याचा निर्णय बहुतेक घरांत टाइल्स लागल्यावर घेतला जातो. तोवर पाइप भिंतीत गेलेले असतात, गच्चीवरच्या टाकीची उंची ठरलेली असते आणि जागा असेल तिथे मिळेल ते यंत्र टांगायचं एवढंच हातात उरतं. घर स्वतः बांधत असाल तर हा निर्णय वरचा स्लॅब पडण्याआधी घ्या.

सुरुवात हिशोबाने करू. घरात पाच माणसं, माणशी 50 लिटर पाणी 40 अंशांचं, आणि थंडीत टाकीतलं पाणी 20 अंशांचं असं धरू. 250 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला 5000 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 5.8 युनिट उष्णता लागते. अंघोळ बादलीने करत असाल तर हा आकडा अर्ध्यावर येईल. तोही धरून बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

हीच उष्णता एलपीजीतून घ्यायची तर गिझरची कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या थोडी वर धरून रोज साधारण 560 ग्रॅम गॅस जळतो. 14.2 किलोचा सिलिंडर 25 दिवसांत संपतो, आणि तोही फक्त अंघोळीला. पाइप गॅस असेल तर रोज पाऊण घनमीटरच्या आत काम होतं. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते, म्हणजे रोज दोन युनिट वीज. साध्या इलेक्ट्रिक गिझरला सहा-साडेसहा युनिट लागतील.

भाव सतत बदलतात, म्हणून हे भागाकार वहीत लिहून ठेवा. सिलिंडरची किंमत भागिले 148, पाइप गॅसचा घनमीटरचा दर भागिले 8, विजेचा दर भागिले 3. तिन्ही उत्तरं एका युनिट उष्णतेचा खर्च सांगतात. विजेचा दर घेताना बिलाची सरासरी घेऊ नका. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि नवं यंत्र तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातली युनिटं खातं, तेव्हा त्या टप्प्याचा दर धरा. उदाहरणादाखल सिलिंडर 900 रुपये आणि वीज 14 रुपये धरली तर गॅसची उष्णता 6.10 रुपयांना पडते आणि हीट पंपाची 4.70 रुपयांना. महिन्याला अडीचशे रुपये वाचले. गॅस गिझर काही हजारांत येतो आणि 200 लिटरचा हीट पंप लाखाच्या आसपास जातो. एवढ्या बचतीवर ती रक्कम कधीच वसूल होणार नाही, विक्रेता काहीही सांगो.

मग हीट पंप घ्यायचा कशाला? एक, गच्चीवर सोलर पॅनल लावणार असाल तर. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यापुढच्या यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे अर्ध्या किलोवॅटमध्ये घराचं गरम पाणी निघतं. दोन, हीट पंप न घेतल्यास तीन बाथरूममध्ये तीन इलेक्ट्रिक गिझर लागणार असतील तर. तिथे महिन्याला सव्वाशेच्या वर युनिटं वाचतात आणि चार-पाच वर्षांत पैसे फिटतात. तीन, सकाळी एकाच वेळी दोन-तीन शॉवर चालणार असतील तर. गॅस गिझरवरचा ‘6 लिटर’ हा आकडा म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवण्याची ताकद. ती एका शॉवरपुरती असते. दुसरा नळ उघडला की दोन्हीकडे कोमट येतं.

दोन-तीन माणसं, एक-दोन बाथरूम आणि दारापर्यंत पाइप गॅस आलेला असेल तर बेलाशक गॅस गिझर घ्या. मात्र पाइप गॅससाठी बनवलेलाच घ्या. एलपीजीचा जेट (गॅस सोडणारं छिद्र) आणि दाब वेगळा असतो, तोच गिझर तिकडे जोडला तर ज्योत नीट जळत नाही.

गॅस गिझर बाथरूममध्ये लावू नका. खिडकी असली तरी नाही, एक्झॉस्ट असला तरी नाही. कारण आकड्यांत बघा. चार बाय सातच्या बाथरूममध्ये जेमतेम सहा घनमीटर हवा असते. गिझर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो आणि एक किलो गॅसला तेरा घनमीटर हवा लागते. पाव तासाच्या अंघोळीत खोलीतली निम्मी हवा ज्योतीने वापरलेली असते. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुदमरत नाही, नुसता गळून पडतो आणि कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. जागा द्यायची तर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या ड्राय बाल्कनीत द्या. ती बाल्कनी पुढे काचेने बंद करणार असाल तर तिथेही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती खाली साचते, म्हणून जमिनीलगत जाळी ठेवा.

गॅस गिझर पेटत नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा पाण्याचा दाब असतो. वरच्या मजल्यावर टाकी थेट स्लॅबवर ठेवली तर गिझरपर्यंत दीड मीटरचीच उंची मिळते, म्हणजे 0.15 बार. बऱ्याच गिझरना 0.2 ते 0.3 बार हवा असतो. टाकीखाली दीड मीटरचं स्टँड घेतलं की प्रश्न सुटतो. बाकी गिझर पेटवणारे सेल वर्षातून एकदा बदला. बोअरचं पाणी असेल तर आतल्या कॉइलमध्ये क्षार धरतो, तो दरवर्षी साफ करावा लागतो.

हीट पंपाला उंची याहून जास्त लागते. 200 लिटरचं एकत्र यंत्र माणसाएवढं उंच असतं, आणि वरच्या टाकीचा तळ त्याच्या माथ्याच्या वर हवा. म्हणजे दोन मीटरचं आरसीसी स्टँड, नाहीतर प्रेशर पंप. भरल्यावर वजन 300 किलोच्या घरात जातं, तेव्हा बीमवर येईल अशी जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशावर मारून घ्या. जिन्याखालच्या कोंदट खोलीत तो ठेवू नका. बाहेर टाकलेली गार हवाच तो पुन्हा ओढतो आणि वीज वाढते. कोकणात, गोव्यात खाऱ्या वाऱ्याने फिन (हवेतली उष्णता घेणाऱ्या पातळ पट्ट्या) गंजतात, तिथे कोटिंग केलेले फिन मागून घ्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे कॉइलवरून पाणी सतत ठिबकतं. त्याला पाऊण इंची ड्रेन काढला नाही तर गच्चीवर शेवाळ धरेल.

पाणी तापायला दोन-अडीच तास लागतात, त्यामुळे पहाटे बटण दाबून उपयोग नाही. टायमर दुपारी 12 ते 3 लावा. निफाडला जानेवारीत पहाटे पारा सहा-सातवर उतरतो, दुपारी तीच हवा पंचविशीच्या पुढे असते, आणि हवा जितकी उबदार तितकी वीज कमी. शिवाय त्याच वेळी पॅनलही जोरात चालतात. टाकी 55 अंशांवर ठेवा, त्याच्या वर नेलं की कार्यक्षमता घसरते. आठवड्यातून एकदा 60 वर जाऊ द्या, जिवाणू वाढत नाहीत. टाकीतला मॅग्नेशियम अॅनोड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, क्षाराच्या पाण्यात दरवर्षी तपासा. तो झिजून संपला की गंज टाकीवर येतो. विजेला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची लाइन, 20 अँपिअरचा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग द्या. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझरही.

प्लंबरच्या पाठीशी उभं राहून तीन गोष्टी करून घ्या. पहिली, गरम लाइन पाऊण इंचीच ठेवा आणि तिच्यावर उष्णता टिकवणारं 13 मिलिमीटरचं नायट्राइल फोम चढवा. 15 मीटरच्या पाऊण इंची पाइपात चार लिटर गार पाणी अडकतं, एक इंचीत साडेसहा. ते रोज वाया जातं. दुसरी, प्रेशर पंप लावलाच तर गार आणि गरम दोन्ही लाइन त्या पंपातूनच घ्या. फक्त गार लाइनला पंप असेल तर मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि टाकी भरलेली असूनही शॉवर गारच येतो. तिसरी, गार इनलेटवर एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा. पंप नसेल तर गरम लाइनला वरच्या टाकीच्या पाणीपातळीहून उंच एअर व्हेंट (हवा बाहेर सोडणारी उघडी नळी) काढा.

अजून नक्की ठरत नसेल तर दोन्हीची सोय आत्ताच करून ठेवा: गच्चीपर्यंत गरम लाइन, तिथे वीज आणि ड्रेन, ड्राय बाल्कनीत गिझरसाठी दोन पॉइंट. बांधताना हा खर्च किरकोळ असतो, पुढे टाइल्स फोडून महाग पडतो. टाइल्स लावण्याआधी सगळ्या लाइन 10 किलो दाबावर किमान तासभर तपासा आणि काटा खाली उतरत नाही ना हे स्वतः उभं राहून बघा.