नदीकाठी शिल्प बसवताना पाया मुरुमापर्यंत न्या

तापी-गिरणेकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की चौथरा कलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. पायाभोवती मुरूमच भरा, उकरलेली माती परत टाकू नका. जागा निळ्या पूररेषेबाहेर (सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, त्या रेषेबाहेर) निवडा.

दगडी शिल्प चौथऱ्याला जोडायला साधी सळई कधीच वापरू नका: ती गंजून फुगते आणि चांगला दगड फोडते. 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची सळई घ्या. छिद्र सळईपेक्षा 4 मिमी मोठे पाडा, ब्रश मारून, हवा फुंकून धूळ काढा, मगच इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरा. धूळ राहिली तर पकड येत नाही, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. तापलेल्या दगडात इपॉक्सी भराभर घट्ट होते. जळगावच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरका.