निपाणीला पाहणीला जाणार असाल तर

एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला) माझा विषय होता विडी कामगार बायका आणि पेन्शन. कर्नाटकातल्या निपाणीच्या पहिल्याच घरी माझी प्रश्नावली तोंडावर आपटली. 'पेन्शन योजनेत नाव का घातलं नाही?' या प्रश्नाला मी चार पर्याय दिले होते: माहिती नाही, विश्वास नाही, वगैरे. त्या घरच्या विडी वळणाऱ्या अक्का पान कातरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "वयच बसत नाही की गं." हा पर्याय माझ्याकडे नव्हता.

ही पेन्शन योजना म्हणजे असंघटित कामगारांसाठीची केंद्राची श्रमयोगी मानधन योजना, २०१९ची. नाव १८ ते ४० वयातच घालता येतं. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालतं, साठीनंतर ३००० मिळतात. ऐकायला स्वस्त. पण हप्ता सगळ्यात कमी असतो ती वर्षं बाळंतपणाची, मांडीवर पोर घेऊन विड्या कमी होण्याची. हात मोकळा होईतो हप्ता चढलेला असतो, नाहीतर चाळिशी उलटलेली. (आणि वीस वर्षांनी त्या ३०००ला काय येणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.)

दुसरी चूक 'महिन्याची कमाई किती?' विचारण्याची. मजुरी हजार विड्यांवर मिळते, छाट (नापास केलेल्या विड्या) निघाली की ती वजा. म्हणून 'गेल्या आठवड्यात किती हजार वळल्या?' असं विचारा, लगेच उत्तर येतं.

खरी गोम कार्डात, म्हणजे ज्यावर वळलेल्या विड्या मांडल्या जातात त्या कामगार कार्डात. अक्का वळायच्या सासूच्या कार्डावर, म्हणजे पीएफ सासूचा. पीएफवाल्यांना मानधन योजना नाही. अक्कांना पीएफ नाही, आणि वयामुळे मानधनही नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, घरात एकीलाच. तेही सासूच्याच खात्यात. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, कागलला दिलेल्या धाकट्या बहिणीला मात्र लाडकी बहीणचे १५०० स्वतःच्या नावावर येतात. "तिचे कमी, पण तिचे," अक्का म्हणाल्या. सासूबाई तिथंच तंबाखू चाळत होत्या, तेव्हा पुढं विचारलं नाही. सुनेशी बोलायचं तर सासू बाजाराला गेल्यावर जा.

कागद कन्नडमध्ये असतात, वाचणारी मैत्रीण सोबत न्या. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, हे घरोघरी दिसेल.

त्या संध्याकाळी सगळ्या कोऱ्या प्रश्नावल्यांवर पेनानं एक रकाना वाढवला: 'कार्ड कोणाच्या नावावर?' आणि झालेल्या अकरा घरांत दुसऱ्या दिवशी परत गेले.