गोव्याला पोकर खेळायला निघालात? या चुका टाळा

दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी कुणीतरी पोरगा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपवर येतो, लेथशेजारी स्टूल ओढून बसतो आणि पडल्या आवाजात सांगतो, "दादा, गोव्यात लई हरलो. पत्तंच आलं न्हाईत." मी विचारतो, कुठल्या डावात गेले? हातात काय होतं? तुझ्याआधी कोण बोललं होतं? त्यातलं एकही त्याला सांगता येत नाही. किती गेले तो आकडा मात्र पाठ असतो.

मी गेली नऊ वर्षं, वर्षातनं तीन-चारदा, पणजीत मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळतो. सगळ्यात खालचं टेबल, शंभर-दोनशेच्या ब्लाइंडचं, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी भरायचे सक्तीचे पैसे. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 साली केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. त्यामुळं आपल्याला निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी गाठावी लागते. एवढा घाट उतरून गेलेली माणसं त्याच त्याच चुका करून परत येतात, हे बघून आता जीव वैतागलाय.

तीन पत्ती कोल्हापुरातच सोडून जा

ही पहिली चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. आपल्याकडं पत्ते म्हणजे तीन पत्ती. दिवाळीत, गणपतीच्या जागरणात, लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयाच्या गच्चीवर, लहानपणापासून तेच बघितलेलं. ते अंगात इतकं मुरलंय की पोकरच्या टेबलावर बसलं तरी हात तीन पत्तीच खेळतो.

तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे सलग पत्ते, ही कलरपेक्षा, म्हणजे एकाच रंगाच्या पत्त्यांपेक्षा मोठी. पोकरमध्ये बरोबर उलटं, कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. आणि हा नियम कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात, त्यात साध्या सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून ती वर. पाच पत्त्यांवर गेलात की सिक्वेन्स होतात 10,200 आणि कलर 5,108. तिथं कलर दुर्मिळ, म्हणून कलर वर. हे एकदा वहीत लिहून काढलं की आयुष्यभर विसरत नाही. पण लिहून काढायला कुणाला वेळ नसतो, सगळ्यांना थेट टेबलावर बसायचं असतं.

माझा भाचा तसाच बसला. तेवीस वर्षांचा, गणितात हुशार, मोबाइलवर खेळून खेळून तयार झालेला. वाटेत आजऱ्याजवळ मी त्याला विचारलं, हातांची क्रमवारी सांग. म्हणाला, "मामा, ते सगळं येतंय मला." मी पुढं रेटलं नाही, आणि ते मला आजही खुपतं.

पोकरमध्ये हातात दोनच पत्ते, टेबलावरचे पाच सगळ्यांचे, त्यातून पाचांचा हात करायचा. दुपारी चारच्या सुमारास त्याच्या हातात आठी-सत्ती आली. टेबलावर पहिले तीन पत्ते पडले, नव्वी, छक्की आणि पंजी. पंजी ते नव्वी सलग, सिक्वेन्स हातात तयार. पण त्या तिनातले दोन किल्वर होते. चौथा पत्ता किल्वरची दुर्री. समोर बसलेले पन्नाशीतले गृहस्थ तोपर्यंत गुमान पैसे भरत होते, दुर्री पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून लावले. भाच्यानं वाढवले. पाचवा पत्ता बिनकामाचा. गृहस्थांनी उरलेल्या सगळ्या चिप्स पुढं सारल्या आणि भाच्यानं अर्ध्या सेकंदात कॉल दिला, म्हणजे तेवढेच पैसे भरले.

पत्ते उघडले. भाच्यानं दोन्ही हात चिप्सकडं पसरले होते. डीलरनं शांतपणे त्याच्या हातासमोरून ढीग ओढला आणि पलीकडं सरकवला. पोराचे हात हिरव्या कापडावर तसेच राहिले. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, "मामा, माझी सिक्वेन्स हाय की!" सगळं टेबल गप्प झालं. समोरच्यांकडं किल्वरचे दोन पत्ते होते, म्हणजे कलर. चौदा हजार गेले, आणि डीलरची काडीची चूक नव्हती.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. टेबलावर एकाच रंगाचा तिसरा पत्ता पडला की मी चिप्सवरचा हात उचलून मांडीवर ठेवतो. कितीही चांगला हात असो. तेवढ्या दोन श्वासांत डोकं ताळ्यावर येतं.

तीन पत्तीचीच दुसरी खोड म्हणजे पॅक करायची, पत्ते टाकून द्यायची लाज. आपल्याकडं सारखा पॅक करणारा भित्रा ठरतो, आणि पत्ते न बघता ब्लाइंड खेळत राहणाऱ्याची वाहवा होते. पोकरमध्ये मी दहातले आठ हात पहिल्याच फेरीत टाकून देतो. बायकोनं एकदा विचारलं, मग तिथं बसून दिवसभर करता काय? बघतो. कोण कशावर पैसे लावतो, कोण कधी गप्प होतो, ते बघतो. तोच खेळ आहे.

बोलल्याशिवाय चिप टाकू नका

तुमच्यापुढं कुणी दोनशे लावलेत आणि तुम्हाला हजार करायचेत. तुम्ही एकच हजाराची चिप गुपचूप पुढं टाकलीत, तर तो कॉल धरतात, आठशे परत मिळतात आणि चांगला हात स्वस्तात जातो. आधी तोंडानं "रेझ" म्हणा, मग चिप. एकदा चिप्स ठेवून पुन्हा हात मागं नेऊन आणखी आणल्या, तर पहिल्या खेपेच्याच धरतात. तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो, म्हणून उगाच "ऑल इन करू का?" असं पुटपुटू नका.

पाळी येण्याआधी पत्ते फेकू नका. आपले पत्ते हाताखाली ठेवा, नाहीतर डीलर ते टाकलेल्या पत्त्यांत ओढतो आणि मग भांडून उपयोग नाही. फुकटची दारू घेऊ नका.

मोबाइलची घाई

2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, आणि मोबाइलवर शिकलेली पोरं थेट गोव्याकडं वळली. त्यांना माहीत असतं मोबाइलचं टेबल, तासाला साठ-सत्तर डाव. खऱ्या टेबलावर डीलर हातानं पिसतो, वाटतो, मोजतो. तासाला पंचवीस-तीस डाव झाले तर डोक्यावरून पाणी. आठ तास बसलात तर झाले दोनशे ते दोनशे चाळीस. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. म्हणजे अख्ख्या दिवसात ती एकदा येईल किंवा येणारही नाही, आणि आली तरी टिकेलच असं नाही. हातात छोटी जोडी असेल तर टेबलावर तिचा तिसरा पत्ता पहिल्या तिनात यायला साडेआठात एक संधी.

हे आकडे कळले तर "पत्तंच आलं न्हाईत" ही तक्रार राहत नाही. पत्ते एवढेच येतात. पण तासभर चांगला हात आला नाही की या पोरांची मांडी हलायला लागते, आणि मग राणी-चौव्वी घेऊन हजार-हजार भरायला लागतात. व्हिडिओत बघितलेल्या युक्त्या तिथंच बाहेर पडतात. शंभर-दोनशेच्या टेबलावर कुणाला फसवायला जाऊ नका, तिथं कुणी पत्ते टाकतच नाही. मी त्या टेबलावर दिवसातून एखादाच ब्लफ करतो, कधी तोही नाही.

हरलेला दिवस लांबवू नका

ही माझी स्वतःची चूक, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो.

पावसाळ्यातली गोष्ट. वीस हजार घेऊन बसलो. तासाभरात राजांची जोडी आली, इस्पिक आणि किल्वर. मी हजार केले, चौघं आले. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, पाच हजार. टेबलावर बदाम नव्वी, बदाम छक्की, किल्वर दुर्री. मी तीन हजार लावले, एकटाच डावात राहिला, लाल टोपीतला तरुण. पॉट अकरा हजार. पुढचा पत्ता चौकट चौव्वी. मी आठ हजार लावले. त्यानं बराच वेळ छताकडं बघितलं आणि भरले.

शेवटचा पत्ता बदाम तिर्री. त्यानं सगळे लावले, मी उरलेले आठ हजारही भरले, आणि त्यानं बदामाचे दोन पत्ते उघडे केले.

याचा हिशेब मी नंतर कितीदा मांडला असेल. चौथ्या पत्त्यानंतर आमच्या दोघांना न दिसलेले 44 पत्ते होते, त्यात बदाम 9. पाचात एक संधी. एकोणीस हजारांच्या पॉटसाठी त्यानं आठ हजार भरले, म्हणजे दहादा खेळून साधारण तीनदा तरी जिंकायला हवं होतं. त्याचे पैसे चुकीचे पडले, माझे बरोबर. हे असं होतंच. शेवटचे आठ हजार सोडले तर त्या डावात माझा दोष नव्हता.

दोष पुढं आहे. मी जागेवरून उठलो नाही. तिथंच हात वर करून आणखी वीस हजारांच्या चिप्स मागवल्या. डोळे टेबलावर नव्हते, लाल टोपीवर होते. त्याच्याकडूनच परत घ्यायचे, एवढंच डोक्यात. तो आला की मीही येत होतो, गुलाम-सत्ती असो की नव्वी-चौव्वी असो. चाळीस मिनिटांत तेही संपले. मग बरोबरच्या मित्राकडून वीस घेतले, तेही गेले. पहिले वीस पत्त्यांनी नेले, पुढचे चाळीस मी नेऊन दिले. शिवाय प्रत्येक मोठ्या पॉटमधून कॅसिनोचा वाटा कापला जातो, तो जिंकणाऱ्यालाही चुकत नाही. जितकं जास्त बसाल तितका तो जास्त जातो.

आमच्या धंद्यात जॉब बिघडला की आधी मशीन बंद करतात. टूल तुटलंय, जॉब हललाय की माप चुकलंय ते बघतात, मग नवा जॉब लावतात. वीस वर्षं मी कामगारांना हेच सांगत आलो. त्या दिवशी मात्र मी मशीन चालू ठेवून एकामागून एक जॉब बिघडवत बसलो होतो.

आता माझं ठरलेलं आहे. दोन वेगळी पाकिटं. पहिलं संपलं की चिप्स मागवायच्या नाहीत, उठायचं, वर डेकवर जायचं, अर्धा तास मांडवीचं पाणी बघायचं. खाली आल्यावर ज्यानं हरवलं त्याचा राग अजून असेल तर दुसरं पाकीट उघडायचं नाही. एटीएम कार्ड खोलीवर. मोबाइलमधलं पैसे पाठवायचं ॲप निघतानाच काढून टाकतो. मित्राकडून घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. यात मैत्री तुटत नाही, उलट वाचते.

लोक म्हणतात, थोडं थांबलो असतो तर वसूल झाले असते. एखाद्याचे होतातही, आणि तोच किस्सा मग वर्षभर सांगितला जातो. न वसूल झालेले माझ्या स्टुलावर येऊन बसतात.

रात्रीच परत निघू नका

हरल्यावर पोरांना ताबडतोब कोल्हापूर गाठायचं असतं. पावसाळ्यात आंबोलीत धुक्यानं समोरचा दिवा दिसत नाही, आणि डोक्यात डाव फिरत असतात. पणजीतली खोली मी जाण्याआधीच घेऊन, पैसे भरून ठेवतो. रात्री वहीत तीन डाव लिहितो, दोन हरलेले आणि एक जिंकलेला, प्रत्येकात माझ्याआधी कोण काय बोललं त्यासकट. सकाळी सातला निघतो. चहा आंबोलीत.