पेपर स्वीकारला गेला? आधी ती वर्ड फाइल जपून ठेवा

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रेपॉझिटरीचं (आपल्या लोकांचे पेपर सगळ्यांना वाचता यावेत म्हणून ठेवायच्या ऑनलाइन साठ्याचं) काम माझ्याकडे आल्यापासून एक प्रश्न दर सत्रात ऐकतो: "पेपर माझाच आहे, मग तो आपल्या साइटवर टाकायला हरकत काय?" हरकत बहुतेकदा नसते. फक्त आपण जी फाइल घेऊन आलेलो असतो ती चुकीची असते.

एका पेपरची तीन रूपं असतात. जर्नलकडे पहिल्यांदा पाठवलं ते प्रीप्रिंट. रिव्ह्यूअरच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त केलं आणि संपादकाने स्वीकारलं ते ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे स्वीकृत प्रत. आणि प्रकाशकाने जुळणी करून, लोगो, पानांक घालून प्रसिद्ध केली ती अंतिम पीडीएफ. प्राध्यापक मंडळी कौतुकाने आणतात ती तिसरी. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलचे प्रकाशक साधारणपणे चालवून घेतात ती दुसरी. (लेखकाने किंवा संस्थेने पैसे भरून ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना मोफत, केलेल्या पेपरची गोष्ट वेगळी. त्यावर सीसी-बाय परवाना (श्रेय देऊन कोणीही वापरावं असा) असेल तर अंतिम पीडीएफ खुशाल टाका.)

ही दुसरी फाइल नेमकी कोणाकडेच नसते. दोन वर्षांनी विचारलं की विद्यार्थी म्हणतो गाइडकडे असेल, गाइड म्हणतात विद्यार्थ्याकडे असेल. शेवटी पेनड्राइव्हवर 'सरांनी पाहिलेली नवीन' अशा नावाची फाइल सापडते, आणि तिच्यात रिव्ह्यूअरने काढायला लावलेला तक्ता तसाच असतो. मग कोणीतरी प्रूफची पीडीएफ पुढे करतं. तीही चालत नाही, कारण जुळणी प्रकाशकाची. सबमिशन पोर्टलवरून उतरवलेल्या पीडीएफवर पानोपानी 'फक्त परीक्षणासाठी' असा शिक्का आणि समासात ओळींचे आकडे. म्हणून स्वीकृतीचं ईमेल आलं की त्याच दिवशी, पेढे वाटायच्या आधी, शेवटची पाठवलेली वर्ड फाइल, आकृत्या आणि ते ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरला जर्नलचं नाव आणि तारीख द्या.

त्याच सुमारास कॉपीराइट फॉर्मची लिंक येते. बहुतेक जण खालच्या चौकोनात टिचकी मारून मोकळे होतात. टिचकी मारा, पण त्याआधी लेखकाचे हक्क सांगणारा भाग वाचा आणि कराराची पीडीएफ उतरवून घ्या. सही पत्रव्यवहार करणारा लेखक करतो, त्यामुळे सहलेखकांना करारात काय आहे याचा पत्ता नसतो. त्यांनाही प्रत पाठवा.

आता कोणाचं धोरण काय ते पाहू. एल्सेव्हिअर ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट स्वतःच्या वैयक्तिक पानावर लगेच टाकू देतं, 'आर्काइव्ह' या प्रीप्रिंटांच्या मोफत साइटवरचं प्रीप्रिंटही त्याने अद्ययावत करू देतं. संस्थेच्या रेपॉझिटरीत मात्र एम्बार्गो, म्हणजे प्रसिद्धीनंतर थांबायची मुदत, संपल्यावर. तो जर्नलगणिक बदलतो, बहुधा १२ ते २४ महिने. शिवाय सीसी बाय-एनसी-एनडी परवाना (श्रेय द्या, पण धंद्यासाठी वापरू नका, बदल करून वाटू नका) आणि डीओआयची, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख-क्रमांकाची, लिंक जोडावी लागते. स्प्रिंगरच्या वर्गणीच्या जर्नलांचा एम्बार्गो साधारण १२ महिन्यांचा, 'नेचर'चा ६ महिन्यांचा. टेलर अँड फ्रान्सिसकडे विषयानुसार बहुधा १२ किंवा १८ महिने, म्हणजे इतिहास-समाजशास्त्रवाल्यांनी जास्त थांबायचं. सेज त्या मानाने उदार, तिथे एम्बार्गोच नाही. अभियांत्रिकीच्या लोकांसाठी आयईईई: स्वीकृत प्रत स्वतःच्या किंवा संस्थेच्या सर्व्हरवर आणि 'आर्काइव्ह'वर चालते, पण त्यांची कॉपीराइटची ओळ पहिल्या पानावर हवीच.

हे पाठ करू नका, धोरणं बदलतात. 'शेर्पा रोमिओ' ही याच कामाची जुनी यादी. ती आता ब्रिटनच्या जिस्क संस्थेच्या 'ओपन पॉलिसी फाइंडर'मध्ये आहे. तिथे जर्नलचं नाव न टाकता आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक) टाका, कारण एकसारख्या नावांची जर्नलं ढिगाने आहेत. प्रत्येक रूपासमोर तीन गोष्टी वाचायच्या: कुठे ठेवता येईल, किती महिन्यांनी, आणि कोणत्या अटीवर. जुन्या कार्यशाळांच्या टिपणांत हिरवं जर्नल, पिवळं जर्नल असे रंग दिसतील. ते केव्हाच बाद झाले. यादी आणि तुमचा करार यांत फरक असेल तर करार खरा.

संशोधक आपले पेपर जिथे टाकतात त्या रिसर्चगेट साइटबद्दल सगळ्यांचा गैरसमज आहे. ती व्यावसायिक साइट आहे. प्रकाशक तिला संस्थेची रेपॉझिटरी मानत नाहीत. एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०१७ मध्ये तिच्यावर जर्मनीत खटला भरला होता, तो २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. अंतिम पीडीएफ तिथे सरसकट टाकण्यापेक्षा कोणी मागितल्यास त्याला ईमेलने पाठवणं बरं. एल्सेव्हिअर नव्या पेपरची ५० दिवस मोफत उघडणारी लिंक देतं, टेलर अँड फ्रान्सिस ५० मोफत प्रतींची लिंक देतं. या लिंका हक्काच्या आहेत आणि बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडून राहतात.

"आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, मग ही यातायात कशाला?" असं हल्ली ऐकायला मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जर्नलांच्या या सामायिक वर्गणीसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं त्यात आहेत. पण योजना सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातला शिक्षक, गावातला डॉक्टर, पत्रकार, आंदोलनातला कार्यकर्ता त्यात बसत नाही. तुमच्या पेपरचा खरा वाचक तोच असण्याची शक्यता मला तरी जास्त वाटते. शिवाय केंद्राच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा डीएसटीचा (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) निधी घेतला असेल तर डिसेंबर २०१४ च्या धोरणानुसार स्वीकृत प्रत दोन आठवड्यांत रेपॉझिटरीत जमा करणं अपेक्षित आहे. प्रकल्पाचा अहवाल भरताना हे आठवतं, तोवर फाइल हरवलेली असते.

आपल्याकडची छोटी जर्नलं, विशेषतः मराठी सामाजिक शास्त्रांची नियतकालिकं, धोरण छापतच नाहीत. धोरण नाही म्हणजे मोकळीक आहे असं समजू नका. संपादकांना दोन ओळी लिहा: "आपल्या अंकात प्रसिद्ध झालेल्या माझ्या लेखाची स्वीकृत प्रत, मूळ प्रकाशनाच्या उल्लेखासह, आमच्या महाविद्यालयाच्या रेपॉझिटरीत ठेवण्यास आपली परवानगी आहे का? काही अट असल्यास कळवावी." बहुतेक संपादक आनंदाने हो म्हणतात. ते उत्तर पीडीएफ करून लेखाच्या फोल्डरमध्येच ठेवा. फोनवरच्या 'अहो, टाका की'चा पुढच्या संपादकासमोर उपयोग नाही.

आणि एम्बार्गो संपेपर्यंत फाइल स्वतःकडे ठेवून बसू नका. रेपॉझिटरीसाठी सर्रास वापरलं जाणारं डीस्पेस असेल तर फाइल आजच चढवून तिच्यावर तारीख घालता येते. तोवर शीर्षक, सारांश आणि डीओआय सगळ्यांना दिसतात, आणि त्या तारखेला फाइल आपोआप खुली होते. तेव्हा ग्रंथपालाकडे येताना वर्ड फाइल, करार आणि प्रसिद्धीची तारीख एवढं घेऊन या.