रेणू ध्रुवीय की अध्रुवीय, हे ठरवण्याचा क्रम

अकरावीच्या पेपरात कार्बन डायऑक्साइड 'ध्रुवीय' (एका बाजूला किंचित ऋण, दुसऱ्या बाजूला किंचित धन प्रभार असलेला) म्हणून लिहिला जातो, तो बहुधा एकाच घाईपायी. कार्बनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) 2.55, ऑक्सिजनची 3.44, फरक 0.89, म्हणून ध्रुवीय. हे गणित बरोबर आहे, पण ते बंधाबद्दल सांगतं. रेणूबद्दल बोलायला त्याचा आकार माहीत असावा लागतो.

म्हणून आधी लुईस रचना (अणू, बंध आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन दाखवणारी आकृती) काढा, आणि मधल्या अणूवरच्या एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोड्या विसरू नका. चुकतं ते इथेच. पाण्यात ऑक्सिजनवर दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या असतात, त्यामुळे रेणू वाकतो आणि कोन 104.5 अंशांचा होतो. जोड्या काढल्याच नाहीत तर पाणी सरळ रेषेत दिसतं आणि पुढचं सगळं फसतं.

आकार कळला की प्रत्येक ध्रुवीय बंधावर जास्त विद्युतऋण अणूकडे बाण काढा आणि बाणांची दिशेसह बेरीज करा. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन सारखे बाण 180 अंशांत उलटे ओढतात, रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असाव्यात तसे. द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूच्या एकूण ध्रुवीयतेचं माप, शून्य. पाण्यात ते 1.85 डिबाय (आघूर्णाचं एकक) भरतं. कार्बन-हायड्रोजन बंधाचा फरक फक्त 0.35, त्यामुळे तो अध्रुवीय धरून चालतं.

वहीच्या सपाट कागदावर विश्वास ठेवू नका. डायक्लोरोमिथेन काढताना दोन क्लोरिन समोरासमोर काढले तर बाण रद्द झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात आघूर्ण 1.60 डिबाय आहे. मातीच्या गोळीत चार काड्या सुमारे 109 अंशांवर खोचा आणि मग बघा: कुठल्याही दोन काड्या समोरासमोर येतच नाहीत. याच मॉडेलवर कार्बन टेट्राक्लोराइड शून्य का आणि क्लोरोफॉर्म 1.04 का, तेही दिसतं.

अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड ही जोडी मात्र सावकाश सोडवा. आकार सारखाच, बंधांतला फरकही जवळपास सारखा, तरी आघूर्णं 1.47 आणि 0.23. अमोनियात बंधांचे बाण एकाकी जोडीच्याच बाजूला जातात, ट्रायफ्लोराइडमध्ये तिच्या विरुद्ध. आणि एकाकी जोडी दिसली की ध्रुवीय, असा नियमही करू नका: झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये दोन जोड्या समोरासमोर आहेत आणि रेणू अध्रुवीय आहे.

ध्रुवीय पदार्थ ध्रुवीय द्रवात आणि अध्रुवीय पदार्थ अध्रुवीय द्रवात जास्त विरघळतो; हे घरी पडताळायला सांगलीची हळद उत्तम. तीन काचेच्या पेल्यांत 20 मिलि पाणी, 20 मिलि शेंगतेल आणि 20 मिलि सर्जिकल स्पिरिट घ्या. स्पिरिट शेगडीपासून लांब ठेवा. प्रत्येकात पाव चमचा हळद ढवळून अर्धा तास हलवू नका. लगेच पाहिलं तर पाणीही पिवळं दिसतं, कारण कण तरंगत असतात. गाळ बसल्यावर पाणी फिकट होतं, तेल पिवळं राहतं, स्पिरिट सगळ्यांत गडद होतं. स्पिरिट स्वतः ध्रुवीय आहे, पण त्याच्या रेणूला कार्बनचा भागही आहे. आणि हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनवर ध्रुवीय गट असले तरी त्याचा कार्बनी सांगाडा मोठा आहे. विद्राव्यता हा अंदाज आहे, पुरावा नाही, ते यामुळेच.

तासगावच्या बेदाण्यातही हाच हिशेब चालतो. द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर अध्रुवीय असल्याने आतलं पाणी सहज बाहेर पडत नाही. म्हणून घड लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलि डिपिंग ऑइल अशा द्रावणात बुडवतात. डिपिंग ऑइलमधल्या इथाइल ओलिएटची लांब कार्बन साखळी मेणात मिसळते, थराची अडवणूक कमी होते आणि शेडमधल्या जाळीवर पाणी लवकर उडून जातं.